बिराजदार सरांची डिझेल व्हॅन

चार मास्तर रोज एका गाडीतनं शाळेला जायला लागले की वर्षअखेरीस सुट्ट्या कमी आणि किस्से जास्त साठतात. आमचे तर इतके साठलेत की कुणाच्या लग्नात, सत्काराला, कुठंही भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते व्हॅनचं सांगा की!" मी सांगते. लोक हसतात. हसून झालं की मला मात्र जरा गप्प बसावंसं वाटतं.

व्हॅन बिराजदार सरांची. सर गणिताचे, उंचेपुरे, मुरुमचे. रागावले की कन्नडमध्ये जायचे. त्यांच्या शेजारच्या सीटवर शेख सर, हिंदीचे. मागं मी आणि खेळाचे कांबळे सर. मुरुमहून निघायचं आणि पार सीमेवरच्या खेड्यात पोचायचं. शाळेमागचा ओढा ओलांडला की कर्नाटक!

तेव्हा गाडी पेट्रोलवर होती. जुनी, पण आवाज म्हणाल तर शिलाई मशीनएवढा. शेख सर रोज एक स्वतःचा शेर ऐकवायचे आणि बिराजदार सर रोज एकच दाद द्यायचे, "शेखसाहेब, ह्याच्यात मात्रा जुळतात, पण हिशेब जुळत न्हाय!" मग दोघं भांडायचे ते थेट शाळेच्या फाटकापर्यंत. खरं सांगते, तो रस्ता कधी संपला ते कळायचं नाही.

*

पेट्रोल परवडेना झालं तेव्हा बिराजदार सरांनीच काढलं, "डिझेल इंजिन बसवू."

शेख सर एकटे नको म्हणाले. "सर, डिझेल बोले तो ट्रॅक्टर. ट्रॅक्टर में बैठ को बाताँ होते क्या?"

पण ठरलं ते ठरलं. आमच्याकडं मल्लूअण्णा म्हणून गॅरेजवाले आहेत. त्यांच्या तोंडात एकच वाक्य, "आगतद बिडरी!" म्हणजे होतंय हो, सोडा. त्यांनी भंगारातल्या मालवाहू रिक्षाचं इंजिन पैदा केलं. आता व्हॅनचं इंजिन असतं पुढच्या सीटखाली. हे नवं निघालं उंच. काही केल्या खाली बसेना.

"अण्णा, आता?" सरांनी विचारलं.

"इंजिन खाली बसंना तर सीट वर बसवू की!"

आणि बसवली! आवाज दाबायला आतनं जाड अस्तर लावावं लागेल, त्याचे पैसे वेगळे, असं अण्णा म्हणाले होते. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आपल्याला काय आत बसून गाणं रेकॉर्ड करायचंय?"

कागदावर पेट्रोल आणि पोटात डिझेल, त्याची नोंद करायचीही अशीच "पुढं बघू" म्हणून राहून गेली. शेवटी गाडी पासिंगला अडली आणि भंगारात गेली ती त्याच पायी. पण ते फार नंतर.

*

सीट वर गेल्यामुळं सरांचं डोकं टपाला लागायचं. मान वाकवूनच गाडी चालवावी लागे. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, सर नमस्कार करतायत. लोकही उलट नमस्कार करायचे. गावातले एक म्हातारे तर सगळ्यांना सांगत सुटले, "एवढा शिकलेला माणूस, पण गर्व न्हाय बघा. लहान पोराम्होरं बी वाकतोय!"

झेंडावंदनाला ग्रामस्थांनी सरांना फेटा बांधला. नम्र शिक्षक म्हणून! सर फेट्यासकट गाडीत बसायला गेले आणि दारातच अडकले. शेवटी फेटा उतरवून माझ्या मांडीवर दिला.

"मॅडम," म्हणाले, "नम्रपणा तुमीच सांभाळा."

*

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. कांबळे सर डब्यात दही आणायचे. मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि बघतच बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, घरनं दही घेऊन निघालो होतो. ताक झालंय."

शेख सर म्हणाले, "नीट देखो सर, लोणी पण आलं असेल."

आलं होतं!

*

आणि ती आजी! गाडी शाळेसमोर उभी होती. एकदा बंद केलं की लवकर चालू व्हायचं नाही, म्हणून सरांनी इंजिन तसंच ठेवलं होतं. ओढ्यापलीकडनं एक आजी डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन तुरूतुरू आल्या. व्हॅनला एक चक्कर मारली. आत वाकून बघितलं. मग सरांना म्हणाल्या, "मास्तर, दळण किती वाजेस्तोवर घेता?"

आम्ही पोट धरधरून हसलो. पण त्या दिवशी परतताना मला जाणवलं, की आजींवर जे बोलायचं होतं ते सगळं आम्ही गाडीत बसायच्या आधीच बोलून घेतलं होतं. आत बसल्यावर काही ऐकूच यायचं नाही. कांबळे सर कानात इअरफोन घालायचे. मी खिडकीबाहेर बघायची.

*

शेख सर मात्र हार मानत नव्हते. ते शेर ओरडून म्हणायचे. शेर काय ओरडून म्हणायची गोष्ट आहे? पण ते घशाच्या शिरा ताणून म्हणायचे, आणि बिराजदार सर "आँ? आँ?" करायचे.

एकदा मुरुमच्या स्टँडसमोर, भर बाजाराच्या दिवशी, शेख सरांनी जीव खाऊन ओळ टाकली, "हम आज भी तेरे इंतजार में खडे हैं!" आणि नेमकं 'इंतजार'वर इंजिन बंद पडलं.

स्टँडवरच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. एक तर पदर खोचूनच पुढं आली. "कुणाच्या इंतजारात रे? कुणाच्या?"

बिराजदार सरांनी खिडकीतनं हात जोडले. "बाई, आमी गाडी चालू व्हायच्या इंतजारात हाय!"

बाजार हसला. कांबळे सर सीटवर आडवे झाले. शेख सरही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी मागनं बघितले. त्यानंतर त्यांनी गाडीत एकही शेर म्हटला नाही. आम्ही आग्रह केला असता, तर तोही ओरडूनच करावा लागला असता.

*

ह्याच्या पुढचं मी सहसा सांगत नाही.

शबाना, शेख सरांची मुलगी. पेट्रोलच्या दिवसांत, दहावीला असताना ती आमच्याबरोबरच व्हॅनमधनं शाळेला यायची. बिराजदार सर गाडी चालवता चालवता तिच्याकडनं तोंडी गणितं करून घ्यायचे. उत्तर बरोबर आलं की हॉर्न वाजवायचे. तिच्या पेपरच्या दिवशी तर सरांनी सगळ्या रस्त्याला हॉर्न वाजवत गाडी नेली होती.

तिची मंगनी ठरली. काय बोलणं झालं ते आम्हाला नंतर दोघांकडनं वेगवेगळं कळलं. परतीच्या वाटेवर शेख सर बिराजदार सरांच्या कानाशी झुकून म्हणाले होते, "सर, शुक्रवारी शबानाची मंगनी आहे. बीदरचे पाहुणे येणार. बाकी कुणाला बोलवत नाही, घरातलंच आहे. पण तिच्याकडचा मोठा म्हणून तुम्ही पुढं बसायचं."

सरांना ऐकू आलं ते 'शुक्रवारी' आणि 'पाहुणे'. त्यांना वाटलं, पाहुण्यांसाठी गाडी मागतायत. ते ओरडून म्हणाले, "शुक्रवारी न्हाय जमायचं! काम हाय!"

काम होतं खरंच. गाडीचं. त्या शुक्रवारी सर रजा टाकून दिवसभर मल्लूअण्णांच्या गॅरेजमध्ये व्हॅनखाली आडवे पडून टॉर्च धरत होते.

शनिवारी शेख सरांनी स्टाफरूममध्ये पेढे आणले. बिराजदार सर पेढा हातात घेऊन उभेच राहिले. "शेखसाहेब, शबानाची मंगनी झाली? आणि मला एका शब्दानं सांगू नये?"

शेख सर शांतपणे म्हणाले, "सांगितलं होतं सर. तुम्हाला काम होतं."

उलगडा त्याच दिवशी झाला. सर संध्याकाळी साडी घेऊन त्यांच्या घरी गेले, मीही बरोबर होते. शबाना त्यांच्या पाया पडली. चहा झाला, फोटो बघितले. सगळं नीट झालं म्हणायचं. निघताना भाभी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, इनों किसी कू बैठने नै दिये तुम्हारी कुर्सी पे. आखिर तक खाली रखे."

सर चप्पल घालत होते. बराच वेळ घालतच राहिले.

*

दुसऱ्या दिवशी सर गॅरेजवर हजर, मागं मीही. "अण्णा, हे काढा. माझं पेट्रोलचं इंजिन परत बसवा."

"ते कुठलं आता? आळंदचा माणूस घेऊन गेला की."

"मग अस्तर तरी लावा. जाडातलं जाड लावा. पैशाचं बघू नका."

अण्णांनी लावलं. गाडी चालू केली. सर आत बसले, अण्णा शेजारच्या सीटवर. सर काहीतरी बोलले. अण्णांनी कानाला हात लावला. सर पुन्हा बोलले. मग अण्णा खाली उतरले, हात पुसत म्हणाले, "आगंगिल्ल री, सर." नाही होत.

त्यांच्या तोंडून 'होत नाही' मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

*

शबानाचं लग्न झालं, आम्ही सगळे जेवून आलो. दोघं सर पूर्वीसारखेच एकमेकांशेजारी बसून शाळेला जायचे. पण आता गाडीतनं उतरल्यावरही फार बोलायचे नाहीत. सवय गेली होती का मनातनं काही गेलं होतं, कोण सांगणार?

मग शेख सरांची बदली आली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परंड्याच्या बाजूला, सोनारीच्या अलीकडं. शेवटच्या दिवशी शाळेत निरोपाची भाषणं झाली. बिराजदार सर भाषणाला उठले, "शेखसाहेब..." एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

संध्याकाळी आम्ही चौघं परत निघालो. ओढ्याचा चढ संपला आणि शेख सर बोलायला लागले. कानाशी झुकून नाही, ओरडून नाही. समोर रस्त्याकडं बघत, आपल्या नेहमीच्या आवाजात. ओठ हलताना दिसत होते. मी पुढं सरकले, कांबळे सरांनी इअरफोन काढले. काहीही ऐकू येईना.

बिराजदार सरांनी गाडी बाजूला घेतली आणि चावीकडं हात नेला. शेख सरांनी त्यांचा हात धरला. हे मात्र ऐकू आलं, कारण ते मोठ्यानं म्हणाले, "चालू राहू द्या, सर."

सरांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. शेख सर मुरुम येईपर्यंत बोलत होते. मध्ये एकदा हसले. मध्ये एकदा रुमाल काढला. बिराजदार सर "आँ?" म्हणाले नाहीत. गाडी मात्र इतकी हळू चालवली, की सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते.

शेख सरांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. सरांनी चावी फिरवली. एकदम सगळं शांत. शेख सर उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि खिडकीपाशी आले.

"झालं सर. सगळं बोललो."

बिराजदार सरांचे हात स्टिअरिंगवरच होते.

"ऐकलं," ते म्हणाले.