वहिनी, पंखा बघा

माझ्या आणि माझ्या मोठ्या जावेच्या घरापुढे एकच खळं, म्हणजे अंगण आहे, अर्धं तिचं, अर्धं माझं. दुपारनंतर ऊन फक्त तिच्या अर्ध्यात राहतं, म्हणून गेल्या वैशाखात मी आंबापोळीची ताटं तिकडे सरकवली. तिच्या कोंबड्या सगळ्या रसातून फिरल्या. रांगोळीत लक्ष्मीची पावलं काढताना माझ्या हातून इतकी सारखी कधी येत नाहीत. मी एवढंच म्हटलं की कोंबड्या झाकायच्या होत्या. ती म्हणाली, माझ्या खळ्यात माझ्या कोंबड्या फिरायला आता तुझी परवानगी लागते काय. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मला काही सांगायचं असलं की ती कोंबड्यांना सांगायची. "पाणी आलंय गो बायांनो, भरून घ्या." कोंबड्या कधी पाणी भरतात? मी हंडा घेऊन जायची. माझ्याकडे कोंबड्या नाहीत, त्यामुळे उत्तर द्यायची सोय नव्हती.

खरं तर मला चारचौघांत बोलता येत नाही. आमचे यजमान मुंबईला. दिवसभरात जे काय बोलायचं ते मी जावेशीच बोलायची. पुढे पुढे कधी मोठ्याने बोलले तर माझाच आवाज मला परका वाटायचा. भांडण कोणाचं खरं, याचं मला काही राहिलं नव्हतं. तिने एकदा माझ्याशी बोलावं, एवढंच हवं होतं. पण आधी मी बोलायचं म्हणजे चूक माझी ठरली असती.

यंदा तिचा टीव्ही बिघडला. दुरुस्तीला रत्नागिरीला गेला, तो तिकडेच राहिला. एका दुपारी माझ्याकडे सिनेमा लागला होता. सासू सुनेला लेकरासकट घराबाहेर काढते, पुढे सून बंगला बांधते आणि म्हातारपणी सासू नेमकी तिच्याच दारात येते. जाऊ येऊन माझ्या पायरीवर बसली. आत नाही, दमून टेकल्यासारखी. मी आवाज वाढवला आणि दाराचा पडदा बाजूला केला.

सुनेला बाहेर काढलं तेव्हा मी रडले. पायरीवरूनही नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटत होतं की ती सून म्हणजे मीच. जावेच्या तोंडाकडे बघितलं तर तिलाही तसंच वाटत असावं. एका सिनेमाला आम्ही दोन सुना, सासू व्हायला कोणी तयार नाही.

शेवटी सासूने दारात हात जोडले. सून काही बोलणार, इतक्यात माझ्या मनात आलं की आत्ताच टीव्ही बंद करावा. वर्षभर मी वाट बघितली, आता हिला बघू दे. रिमोट हातातच होता. मी बटण दाबलं नाही, तरी टीव्ही काळा झाला.

जाऊ ताडकन उठली. "मुद्दाम बंद केलंस."

वर्षानंतर ती माझ्याशी बोलली होती. मला आनंदच झाला. मग म्हटलं, "वहिनी, पंखा बघा."

पंखा बघायला ती उंबरा ओलांडून आत आली. तो शेवटचे फेरे घेत होता. तेवढ्याने विश्वास बसला नाही, तिने दिव्याचं बटणही दाबून बघितलं. मग बंद पंख्याखाली माझ्याशेजारी बसली.

"माफ केलंन असेल काय गो तिने?"

मी म्हटलं, केलं असेल. ती म्हणाली, मी नसतं केलं, चांगली दारात उभी ठेवली असती.

"ठेवलीतच की मला वर्षभर," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे.

तिने पदराने घाम पुसला, जरा जास्तच वेळ. "लाईट आली की बघू," म्हणाली. लाईट आली तेव्हा टीव्हीवर कोणीतरी ढोकळा करून दाखवत होतं. तोही आम्ही बघितला.

दुसऱ्या दिवशी मी रसाची ताटं घेऊन बाहेर आले. तिच्या सगळ्या कोंबड्या मोठ्या टोपलीखाली झाकलेल्या होत्या. ती सवयीने त्यांना सांगायला वळली, पण समोर एकही नव्हती.

"इकडे मांड," मग तिला मलाच सांगावं लागलं.