खरी प्रत

"हनुवटी खाली, नजर वर, अन् तोंड असं ठेवायचं का जशी सासू पाहून राह्यली."

फोटो काढण्याआधी चाचांचं हे वाक्य ठरलेलं. समोर पाच वर्षांचं पोर असो की रिटायर झालेले हेडमास्तर, सासू सगळ्यांनाच. मग दोन बोटांनी हनुवटी धरून चेहरा अर्धा इंच फिरवायचे, मागे जाऊन बघायचे, परत येऊन पाव इंच माघारी आणायचे. तुम्ही कंटाळून चेहरा सैल सोडला की नेमकं तेव्हा बटण दाबायचे.

पांढरकवड्याला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर. हायवेवरचे ड्रायव्हर लायसन्सच्या फोटोसाठी यायचे, लग्नाच्या मुली स्थळांसाठी यायच्या, आणि आत गेले त्यापेक्षा सगळे देखणे होऊन बाहेर पडायचे. सगळी करामत चाचांच्या हाताची. निगेटिव्ह उजेडावर धरायची, बारीक टोकाची पेन्सिल घ्यायची आणि तासभर कोणाशी बोलायचं नाही. देवीचे व्रण जायचे. डोळ्यांखालचं काळं जायचं. गाल आत जायचे.

"पण एक प्रत मी आधीच काढून ठेवतो," ते सांगायचे. "देखणी तुमची, खरी माझी."

"खरी कायले पाहिजे, चाचा?"

"अरे, कोणी तरी तर पाहिलं पाहिजे ना तुम्हाले!"

आता थोडं माझ्याबद्दल, कारण पुढचा घोळ मी घातलेला आहे. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. लग्न, बारसं, साखरपुडा, कुठेही मला पाट द्या, मी सुरू. माझी हुकमी गोष्ट लाडवांची. लहानपणी माझे गाल असे फुगलेले होते की शाळेत मला 'डफडं' म्हणत. का? तर एका दिवाळीत मी एका बैठकीला अकरा लाडू खाल्ले होते. (पहिल्यांदा सांगितली तेव्हा सात होते.) धाकटा भाऊ तसाच गालफुग्या, आमचे बाबाही लहानपणी तसेच होते म्हणे. खात्यापित्या घराची ही निशाणी, असं म्हणून मी मिशीवरून हात फिरवायचो आणि लोक हसायचे.

धाकट्या भावाची मुलगी तनू. सहाव्या वर्षी तिचे गाल दोन्हीकडून भरू लागले. मी म्हटलं, घराण्यावर गेली! सातव्या वर्षी दात सरकायला लागले. यवतमाळच्या दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथे कळलं, जबड्याचं हाड दोन्हीकडून आतून पोखरल्यासारखं झालंय. बहुधा गाठी असाव्यात. जबड्याचा काही भाग काढावा लागेल. तीन आठवड्यांनंतरची ऑपरेशनची तारीख मिळाली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं का?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. खातं माझं. आणि मी काय केलं असेल? लाडवांची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. वर मोबाइलमध्ये घरचा अल्बम दाखवला: बाबा, मी, भाऊ, सगळ्यांचे लहानपणचे फोटो, सगळे रेखीव. बाईंनी कागदावर 'नाही' असं लिहिलं.

परत आल्यावर तनूची आई म्हणाली, "पोरीचा एक फोटो काढून ठेवू. ऑपरेशनच्या आधीचा." आम्ही शेजारी गेलो.

चाचांनी दोन बोटांनी तनूची हनुवटी धरली आणि फिरवलीच नाही. बोटं हळूहळू जबड्याच्या कडेनं कानापर्यंत गेली. दुसऱ्या बाजूनं परत आली. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"हे हाड तुझं हाय."

"माझं कसं, चाचा? माझे गाल तर लाडवांचे..."

"लाडू? हात पाहिले होते काय तू आपले? काडीवानी! पोट पाठीले लागलेलं. लाडू खाऊन नुसता जबडा जाडा होते काय रे, बैला?"

अकराचे अकरा लाडू त्या क्षणी गेले.

चाचांनी माळ्यावरून फोटोच्या कागदांची जुनी खोकी काढली. आम्ही सगळे जमिनीवर बसून दुपारभर शोधत होतो. मी पाच वर्षांचा, आठ वर्षांचा, बारा वर्षांचा, सतराचा. भाऊ तसाच. आणि चाचांच्या अब्बांच्या वेळच्या खोक्यातून आमचे बाबा, टोपी घातलेले. चाचांनी वयानुसार रांगा लावल्या. तिन्ही रांगांत तेच: चेहरा पाचव्या वर्षापासून रुंद होत जातो, डोळे वर बघितल्यासारखे दिसतात, आणि सतरा-अठराच्या सुमारास सगळं ओसरून जातं.

मग चाचा बोलले. "तुह्या मायनं म्हटलं होतं, पोराले शाळेत चिडवतात, गाल जरा बारीक करा. मी केले. हात चांगला होता ना माझा! थोडा खराब असता तर डॉक्टरले अल्बमातच दिसलं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघा भावांबरोबर ते स्वतः नागपूरला निघाले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर खोकं. बसमध्ये कोणाला ते हातात घेऊ दिलं नाही. बाईंच्या टेबलावर त्यांनी तिन्ही रांगा लावल्या आणि प्रत्येक फोटोवर बोट ठेवून वय सांगितलं. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी फोटो पाहिले, मग माझा आत्ताचा जबडा चाचपून पाहिला, मग भावाचा. "ऑपरेशन थांबवू या," म्हणाल्या. "आता कुठे शोधायचं ते मला कळलं."

तनूचं, भावाचं आणि माझं रक्त तपासणीला गेलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. दोष एका जनुकात निघाला, तिघांच्याही. त्याचं नाव एसएच-थ्री-बीपी-टू. ट्रकच्या नंबर प्लेटसारखं.

आम्ही सगळे गेलो होतो, चाचा अर्थातच पुढच्या खुर्चीत. बाईंनी समजावलं, "या जनुकावरून एक प्रथिन बनतं. ते स्वतः काही बांधत नाही, तोडत नाही. पेशीत एकाकडून आलेला निरोप दुसऱ्याला जोडून देतं, एवढंच त्याचं काम. काम झालं की पेशी ते मोडून टाकते. तुमच्या घरात मात्र ते मोडलं जात नाही, साचत राहतं. मग हाड खाणाऱ्या पेशींना निरोप पोचतच राहतो."

चाचा म्हणाले, "म्हंजे निरोप्या दारातून हटूनच नाही राह्यला."

"अगदी बरोबर! पण बहुतेकांचं वयात आल्यावर आपोआप शांत होतं. तुमच्या फोटोंत दिसतंय तसं. हिला कापायची गरज नाही. फक्त लक्ष ठेवू. दरवर्षी एक फोटो पाठवा. आणि त्यावर पेन्सिल नको हं."

"पेन्सिल फेकून देल्ली, बाई," चाचा म्हणाले.

येताना बसमध्ये त्यांनी कंडक्टरला न विचारताच सांगितलं, "आमच्या घरातलं जनुक सापडलं."

"कोणत्या घरातलं?"

"बाजूच्या!"

पुढची आठ वर्षं चाचा दर जूनमध्ये तनूचा फोटो काढायचे. दहाव्या वर्षी गाल सर्वांत मोठे होते. त्या साली तिची आई हळूच म्हणाली, "चाचा, शाळेच्या फोटोत तरी जरा बारीक करता काय?" चाचांनी तनूलाच विचारलं. तनू म्हणाली, "राहू द्या. वर्गात कोणी चिडवलं का मी मोठेबाबांचा तेव्हाचा फोटो दाखवते अन् आत्ताचा दाखवते. म्हणते, पाहा, गाल जातात, अक्कल येतेच असं नाही." मोठेबाबा म्हणजे मी. चाचा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. तो फोटो त्यांनी स्टुडिओच्या काचेत लावला, नवरदेव-नवऱ्यांच्या बरोबर मधोमध. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ही आमची तनू. कापायले निघाले होते, आम्ही नाही कापू देल्लं."

गेल्या जूनमध्ये तनू पंधराची झाली. चेहरा एव्हाना निवळला होता, जबड्याची कड दिसू लागली होती. चाचा कॅमेरा हातात धरून बराच वेळ उभे होते. सासूचं वाक्यही त्या दिवशी म्हणाले नाहीत. बटण दाबलं, फोटो पाहिला आणि म्हणाले, "हललीस तू, बेटी."

"मी नाही हलले, चाचा."

त्यांनी पुन्हा पाहिलं. "नाही," म्हणाले. "तू नाही हललीस." आणि चष्मा काढून स्टुलावर बसले.

बाईंनी तो फोटो परत केला, जबडा दिसतच नाही म्हणाल्या. मग मोबाइलवरचा पाठवला. तो साफ होता. बाईंनी लिहून दिलं, आता दोन वर्षांनी एकदा आलात तरी चालेल.

थंडीत चाचा गेले. स्टुडिओला कुलूप आहे.

तो हललेला फोटो आम्ही फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलाय. नवे पाहुणे विचारतात, इतका धुरकट फोटो काहून लावला? मी गोष्ट सांगायला घसा खाकरतो, पण तनू मला बोलूच देत नाही.

"मी हलले नव्हते," ती म्हणते.