एकतिसाव्या किलोमीटरवरचे पेले

नोएलीन प्रॉसरने ब्रिस्बेनच्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये पस्तीस वर्षं काढली होती. ओकणारी, शेंबूड बाहीला पुसणारी, अर्धं खाल्लेलं सँडविच बदलून मागणारी पोरं तिने निभावून नेली. कधी नाक मुरडलं नाही. पण शहराच्या मॅरेथॉनमध्ये पाणी वाटायला लागून अकरा वर्षं झाली, तशी तिला धावणाऱ्यांची किळस यायला लागली. हे ती कुणाजवळ बोलत नसे. चर्चच्या वतीने करायची सेवा, तिच्यात कसली किळस, असं स्वतःलाच दटावायची.

तिच्या चर्चकडे एकतिसावा किलोमीटर होता. नदीकाठचा रस्ता, समोरच चर्चची हिरवळ. तिथपर्यंत येईतो माणसाचं माणूसपण सुटत चाललेलं असायचं. कुणी नाक दाबून उडवायचं ते तिच्या मनगटावर. कुणी तीन पेले उचलून दोन डोक्यावर ओतायचं. कुणी चर्चच्या जास्वंदीच्या कुंपणाशी रस्त्याला पाठ करून मुतायला उभं राहायचं, आणि पाठ तरी कुठली, अर्ध्या रस्त्याला सगळं दिसायचं. धावताना चोखायच्या गोड एनर्जी-जेलची चिकट पाकिटं बुटाला चिकटून घरापर्यंत यायची.

यंदा चूक मात्र तिची स्वतःची होती. गेल्या वर्षी उन्हाने सगळ्यांची डोकी तापली, म्हणून तिने टेबलं अंजिराच्या जुन्या झाडाखाली मांडायला लावली. पहाटे साडेचारलाच सगळे जमले. अर्धे भरलेले कागदी पेले, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पुन्हा पेले, असे तीन मजले झाले. फटफटलं तशी रात्रभर चरायला गेलेली वटवाघळं झाडावर परतली. त्या झाडाखाली लहानाची मोठी झालेली बाई, तिला हे सुचू नये! वरचा मजला बियांनी भरलेल्या काळपट चिकट विष्ठेने बरबटला. पुठ्ठे भिजले, खालचे मजलेही गेले. बाराशे पेले कचऱ्यात टाकावे लागले.

"वटवाघळांनी आशीर्वाद दिला," मर्व्ह टर्नबुल म्हणाला. मर्व्ह चर्चचा जुना माणूस, निवृत्त प्लंबर, दरवर्षी तिच्या जोडीला असायचा.

"तोंड बंद ठेव आणि टेबल ओढ," नोएलीन म्हणाली.

दहाच्या सुमाराला पेले संपत आले. मागे अजून चारेकशे माणसं होती, चालत, लंगडत येणारी. मॅरेथॉनच्या कार्यालयाला फोन केला, तर रस्ते बंद असल्यामुळे तासाभरात काही पोचणार नाही म्हणाले. नोएलीन टेबलामागे वाकून शेवटचा खोका उघडायला गेली, तर खोका आधीच रिकामा होऊन पुन्हा भरत होता. मर्व्ह रस्त्यावरचे न चुरगळलेले पेले वेचून, झटकून, त्यात रचत होता. एकाच्या तळाशी थुंकीचा फेस होता. त्याने तो बोटाने पुसला.

"मर्व्ह, हे काय करतोयस?"

"पेले करतोय. तुला पाहिजेत ना?"

"हे उष्टे आहेत."

"नोली, एकतीस किलोमीटर पळून आलेल्याला काय कळतंय? गेल्या वर्षी शेवटच्या तासाला तू काय वाटत होतीस असं वाटतं तुला?"

नोएलीन खोक्यावरून ताठ उभी राहिली.

"गेल्या वर्षी?"

"आणि त्याच्या आधीच्या वर्षी. कुणी मेलं का?"

गेल्या वर्षी नोएलीनने स्वतःच्या हाताने एकेक पेला दिला होता, प्रत्येकाला "देव सांभाळो" म्हणत. ती कुंपणापाशी जाऊन उभी राहिली, पण तिथे मुताचा वास येत होता, म्हणून परत आली. खोका उचलला आणि कचऱ्याच्या पिशवीत उलटा केला.

"मग आता ओंजळीने पाजणार?" मर्व्हने विचारलं.

ती चर्चच्या सभागृहात गेली. कपाटातून चहाचे फिकट हिरवे कप काढले, जेमतेम शंभर. पाणी उकळायचा मोठा बंब लावला आणि दोन बादल्या भरल्या, एक साबणाची, एक कढत पाण्याची.

"चिनीमाती रस्त्यावर चालत नाही," मर्व्ह दारातून म्हणाला. "फुटली, कुणाचा पाय कापला, तर तुला काढून टाकतील."

"रस्त्यावर कोण देतंय? हिरवळीवर या, प्या, कप ठेवा, जा."

"दहा पावलं आत? त्यांच्या वेळेचं काय?"

"त्यांचं त्यांना विचार."

ज्यांना वेळ प्यारा होता ते तिला शिव्या घालत पुढे गेले. बाकीचे आत आले. एक जाडजूड माणूस, मोजे रक्ताने भरलेले, कपाचा कान धरून तो उचलत म्हणाला, "बाई, बिस्कीट नाही का बरोबर?"

"गप पी. दुसरा घे."

त्याने तीन प्यायले, आभार मानले आणि जाता जाता पायरीजवळ घसा खाकरून थुंकला. नोएलीनने डोळे मिटले. मग त्याचा कप साबणात घातला. शेवटची बाई साडेबाराला येऊन गेली, तोवर तिचे हात कोपरापर्यंत लालबुंद झाले होते. मर्व्हने एकही कप धुतला नाही. खुर्चीवर बसून तो उरलेले केळ्याचे तुकडे खात राहिला.

कार्यालयाने विचारलं, तेव्हा चिनीमातीचं तिने स्वतःच सांगून टाकलं. उष्ट्या पेल्यांचंही सांगितलं, आधीच्या दोन्ही वर्षांचं. एकतिसावा किलोमीटर चर्चच्या हातून गेला. चर्चमध्ये चारजण तिच्याशी बोलेनासे झाले. त्याचं तिला फारसं वाटलं नाही.

वाटलं ते पुढच्या रविवारी. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे चिमुकले काचेचे पेले धुऊन, भरून, तबकात फिरवायचं काम मर्व्हकडे होतं. वीस वर्षं ती त्याच्या हातच्या तबकातून घेत आली होती. त्या सकाळी ती तासभर आधी गेली, तबक मोरीत घेतलं आणि एकेक पेला उकळत्या पाण्यात बुडवू लागली.

मर्व्ह मागे येऊन थांबला. "ते धुतलेत मी."

"असतील."

"नोली, हे देवाचे आहेत. ह्यात मी असं करेन होय?"

नोएलीनने हातातला पेला उजेडाकडे धरला. तो स्वच्छ होता. तरी तिने तो पाण्यात बुडवला, आणि मग पुढचा घेतला.