सिंहाच्या आयाळीवरचं सोनं

सोमवारी संग्रहालय बंद असतं. खिडक्यांच्या कड्या लावून झाल्या, की आनंदा चौगुले शस्त्रदालनातल्या आपल्या स्टुलावर टेकतो, पाठ भिंतीला लावतो आणि दुपारचा डोळा लागू देतो. समोर काचेच्या पेटीत इटलीतल्या कुणा सरदाराचा पोलादी टोप आहे, साडेचारशे वर्षांपूर्वीचा. तोंडावर झडप, कानांवर वेली, कपाळावर जबडा वासलेला सिंह. संस्थानच्या राजांनी तो विलायतेहून आणला होता. सिंहाच्या आयाळीला सोन्याचा मुलामा होता. आता नाही. त्या जागेकडे आनंदा बघत नाही.

आज डोळे मिटता मिटता तो बघतो. पेटी रिकामी आहे.

तो उठून दालनाचं दार ढकलतो. पलीकडे त्याचंच स्वयंपाकघर. त्याची बायको हौसा चहा उकळत बसली आहे. हौसाला जाऊन दोन वर्षं होत आली, हे त्याला ठाऊक आहे. पण चहा उकळत असताना ते बोलून दाखवणं बरं दिसत नाही. पाटावर एक पाहुणा आहे, मखमली डगला, पाय लांब म्हणून गुडघे हनुवटीपाशी आलेले. डोक्यावर तो टोप. झडप बंद.

"कवा आलीस?" आनंदा विचारतो.

"मी कुठं गेल्ती? बसा. ह्यास्नी च्या द्यायचाय, तर तोंडच उघडंना."

ती बशी झडपेच्या फटीला लावते आणि बेताबेतानं ओतते. अर्धा चहा डगल्यावर सांडतो. पाहुणा मान लववून आभार मानतो.

"कोण हे?"

"वळखलं न्हाईसा व्हय? वीस वर्सं राखण केलीसा त्यांची. बायकूपरास जास्ती बघितलं असंल त्यांच्याकडं."

"मला माफ करा," टोपातून आवाज येतो. भाषा कुठली ते कळत नाही, पण बोलणं समजतं. "झडपेची बिजागरी गंजली आहे. काहीतरी आंबट लागलं तिला. कुणी लावलं?"

आनंदा खाली बघतो. चार वर्षांपूर्वी वरचे साहेब तपासणीला यायचे होते. निंबकर मॅडम, म्हणजे संग्रहालयाच्या मुख्य, परगावी होत्या. देवघरातलं पितळ घासावं तसा आनंदानं तो टोप चिंचेनं घासला. हौसा तेव्हा तिथंच झाडलोटीला होती. "लोखंड हाय ते, मॅडमना इचारा," असं म्हणत बादली धरून उभी राहिली. सोनं चिंचेच्या पाण्याबरोबर बादलीत उतरलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, तेव्हा आनंदा म्हणाला, "अडाणी बाई, तिला कळलं नाही." हौसा दारातच होती. तिनं खराटा भिंतीला टेकवला. तिचं काम गेलं आणि अहवालात तिचं नाव लागलं. त्या रात्री तिनं त्याला रोजच्यासारखं जेवायला वाढलं. पुढं मरेपर्यंत तो विषय तिनं काढला नाही, आणि त्यानंही नाही.

"कुणी लावलं?" सरदार पुन्हा विचारतो.

"हिनं," आनंदाच्या तोंडून जातं. सवयच झालीय.

हौसा बशी खाली ठेवते, आणि अंधार होतो.

टोप त्याच्या डोक्यावर आहे. श्वास तोंडावरच परत येतो, गरम, आंबट वासाचा. फटीतून बोटभर उजेड दिसतो. हात पसरावा तर चारी बाजूंना काच. बाहेर हौसा खराटा घेऊन उभी आहे, शेजारी तो सरदार, उघड्या डोक्यानं. टक्कल पडलेला, थकलेला म्हातारा आहे.

"कडी मानेमागं आहे," सरदार सांगतो. "स्वतःच्या हातानं निघत नाही. माझी बायको काढायची, मी मिरवणुकीवरून आलो की. लढाईत मी साधा टोप घालायचो. तो कुणी जपला नाही. ह्यात मी एक दिवस लढलो नाही, तरी माझं नाव ह्यालाच चिकटलं."

"माझं तरी काय येगळं झालं," हौसा म्हणते. "हात त्येंचा, नाव माझं."

"हौसा, मी घासला तो टोप," आनंदा म्हणतो. "तू नको म्हणत होतीस." शब्द पोलादावर आपटून त्याच्याच कानात शिरतात.

"काय म्हन्ता? भाईर येत न्हाई."

तो पुन्हा सांगतो. छाती भरत नाही. गुडघे काचेला टेकतात.

"मला कशाला सांगताय?" ती काचेला अगदी लागून म्हणते. "मी बादली धरून हुभी हुते की. मला ठावं हाय."

"मग काढ ना ही कडी."

"तुमची मी काढीन. माझी कोन काढनार?" ती मॅडमच्या खोलीकडं मान करते. "ती तिकडं हाय, त्या कागदात. ती तुमच्याच हातानं निघंल."

"जातो. आजच जातो."

"बघा हं. पुन्यांदा काढायला मी न्हाई येनार."

मानेवर तिची बोटं लागतात, भांडी घासून गार पडलेली. कडी वाजते.

आनंदा स्टुलावर जागा होतो. पेटीत टोप जसाच्या तसा आहे, झडप बंद. दालनात ऊन तिरपं आलंय. तो कपाळाचा घाम पुसतो आणि हात तसाच नाकापाशी थांबतो. उजव्या हाताच्या नखांत चिंचेचा गर आहे, ओला. अंगठ्याला चिंचेची एक शीर चिकटली आहे. हौसा गेल्यापासून घरात चिंच आलेली नाही.

तो नळाशी जातो, तोटीवर हात ठेवतो, आणि नळ न सोडताच वळतो.

निंबकर मॅडम सोमवारीही येतात. दार उघडंच आहे.

"काय आनंदराव?"

तो उजवा हात टेबलावर, त्यांच्यापुढं, तसाच ठेवतो.

"मॅडम, टोपाचा तो अहवाल काढा," तो म्हणतो. "त्यातलं नाव चुकलंय."