ट्रॅम्पोलिनवरच्या पापड्या

मी हौशी वादळवाला होतो. राहायला टाकानिनी नावाच्या उपनगरात, आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायचो आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी टोर्नेडो बघायला दक्षिणेकडच्या वायकाटो प्रांतभर गाडी पळवायचो. तीन उन्हाळ्यांत एकही दिसला नव्हता. गाई मात्र भरपूर दिसल्या.

त्या वर्षी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि बुधवारी परत जाणार होती. जाण्याआधी आम्हाला वर्षभर पुरतील एवढ्या साबुदाण्याच्या पापड्या घालून द्यायच्याच, असा तिनं ध्यास घेतला होता. बॅकयार्डात सगळ्यात जास्त ऊन-वारा नातीच्या ट्रॅम्पोलिनला मिळतो, हा शोधही तिचाच. शनिवारी सकाळी तिनं विचारलं, "अरे, आज घालू का?"

"बिनधास्त घाल," मी रडारवरून नजर न काढता म्हणालो. "दोन्ही किनाऱ्यांवरचे वारे आज वायकाटोत, हॅमिल्टन शहराच्या पुढे भिडणार. काय व्हायचं ते तिकडे. इकडे स्वीट ॲज, एकदम मस्त."

वारे जणू मला विचारून निघणार होते.

हॅमिल्टनच्या पुढे एका शेताच्या फाटकाशी मी चार तास उभा होतो. दोन ढग आले आणि विरून गेले. तीनच्या सुमारास मुलीचा फोन आला, "बाबा, यू मिस्ड इट! द ट्रॅम्पोलिन इज गॉन." मागून आईचा शांत आवाज आला, "त्याला सांग, चांगली लांब सोंड होती. उजवीकडे वळलेली. उजव्या सोंडेचं कडकच असतं."

घरी पोचलो तर आमचं कुंपण आडवं झालं होतं आणि ट्रॅम्पोलिन मागच्या घराच्या अंगणातल्या टोमॅटोंवर उलटं पडलं होतं. ओल्या पापड्या गल्लीभर खिडक्यांना चिकटल्या होत्या. शेजारचे माओरी आजोबा बादली घेऊन दारात उभे होते. "किया ओरा," त्यांनी नमस्कार घातला. "दीज यॉर्स?" त्यांनी त्या आपल्या कॅराव्हॅनवरून एकेक सोडवून आणल्या होत्या.

आणि मी आईला पहिला प्रश्न काय विचारला, तर "व्हिडिओ काढलास?"

"दोन्ही हात पापड्यांवर होते," ती म्हणाली.

तुला लागलं का, हे आधी विचारायला हवं होतं. मला मनापासून लाज वाटली. तिनं संध्याकाळी पुन्हा साबुदाणा भिजवला.

रविवारी सकाळी मी ट्रॅम्पोलिन आणून दोरीनं जमिनीला बांधलं. पापड्या घालण्याआधी आईनं आकाशाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "आज कुठं जाणारेस?"

"वायकाटोलाच. आज कालच्यापेक्षा हीप्स जास्त चान्स आहे."

"नको. तू असतोस तिथं वादळ येत नाही. तीन वर्षं झाली ना? इथं बस."

शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर सगळा पुरावा तिच्याच बाजूनं होता. मी खुर्ची टाकून ट्रॅम्पोलिनपाशी बसलो. दोन वाजता वादळवाल्या मित्रांचे फोटो यायला लागले. कालचंच फाटक, कालचंच शेत, त्याच गाई, आणि मागे ढगातून थेट जमिनीला टेकलेली सोंड. मी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला. जीव जळत होता. आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपका नव्हता. मी फोन खिशात टाकला आणि पापड्या उलटायला घेतल्या.

चारला आईनं एक मोडून पाहिली. कट्‌कन आवाज आला.

"बघ," ती म्हणाली, "एवढा हवामानाचा अभ्यास केलास, त्याचा उपयोग झाला."