बदलता येईल असं साधन

"बाई, तुम्ही उभ्या राहा. खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत."

प्लॅनिंगचा साहेब मला हे म्हणाला तेव्हा सगळे पाहुणे बसून झाले होते. तरी खुर्च्या उरल्या होत्या. धुळ्याच्या साइटवरचं कंटेनरचं ऑफिस. एसी चालू. मी दारापाशी उभी राहिले. साडीला सिमेंट होतं, पण हात धुऊन आले होते. मुद्दाम धुतले होते.

मी मुकादम आहे. स्लॅब टाकणारी माझी टोळी आहे, त्यात बायाच जास्त. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून डोक्यावर घमेलं घेऊन निघाले आणि टोळी उभी केली. कुणी दिली नाही. भांडून घेतली. भाव ठरवताना भलेभले माझ्यापुढे घाम पुसतात. तोंड खराब आहे माझं. ते चांगलं असतं तर अजून घमेलंच वाहत असते.

भिंतीवरच्या पडद्यावर आमची इमारत होती. बाहेर अर्धीच उभी, पडद्यावर पूर्ण. साहेब पाहुण्यांना सांगत होता की हे नुसतं चित्र नाही. यातल्या प्रत्येक कॉलमला, बीमला, स्लॅबला आपलं नातं माहीत आहे. कोण कोणावर टेकलंय, कोणतं काम कोणत्या कामानंतर, ते कोण करणार. सगळी माहिती एकमेकांना जोडलेली. त्यावरून संगणक स्वतःच वेळापत्रक काढतो.

ती माहिती कुठून आली, ते त्याने सांगितलं नाही. ती माझ्याकडून आली होती. माहिती भरणारी मृणाल साइटवर माझ्या मागे मागे फिरायची. "अक्का, आधी काय? मग काय?" मी सांगत गेले. वैशाखात स्लॅब दिवस उगवायच्या आत सुरू करायचा. आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत स्लॅब धरायचाच नाही. बाया माहेरी जातात. सरकारी कॅलेंडरात तो एक दिवस असेल, पण एकदा लिंबाला झोका बांधला की गाणी संपेपर्यंत कोणी परत येत नाही. मृणाल हसली होती. ती मुक्ताईनगरकडची, केळीवाल्या घरातली. म्हणाली, "मला काय सांगता अक्का, मी पण जाते."

एका पाहुण्याने विचारलं, "लेबर सणाला निघून गेलं तर?"

साहेबाने बटण दाबलं. पडद्यावरच्या वेळापत्रकाच्या पट्ट्या हलल्या, परत जागेवर बसल्या. अखाजी एक दिवस. दुसऱ्या दिवशी स्लॅब. आमच्या टोळीच्या जागी नुसतं 'दुसरी टोळी'.

"आमची टोळी कुठं गेली?" मी विचारलं.

"बदलली." त्याने एक यादी मोठी करून दाखवली. सुतार, फिटर, वेल्डर एका बाजूला, कुशल. दुसऱ्या बाजूला मिक्सर, व्हायब्रेटर आणि त्यांच्याखाली आम्ही. अकुशल. बदलता येईल असं साधन.

"हे कोणी लिहिलं?"

"बाई, सिस्टिमने काढलंय ते. तुम्हाला नाही समजायचं."

पाहुणे हसले. मोठ्याने नाही. तेच जास्त लागलं.

"माले बठ्ठं समजस," मी म्हणाले. चिडले की घरची बोली तोंडात येते. "टोळी बदलली ती यंत्रानं. पण आम्ही कोण, हे माणसानं लिहिलं. कोणी?"

"मी. आणि बरोबरच आहे ते."

मृणाल मान खाली घालून बसली होती. नंतर पाण्याच्या टाकीपाशी गाठलं तिनं. "अक्का, मी वेगळं भरलं होतं. अखाजी पण पूर्ण धरली होती. त्यांनी बदलायला लावलं."

"आणि तू बदललंस."

"नोकरी आहे अक्का."

"मग माझ्यामागे अक्का अक्का करत कशाला फिरलीस?"

अखाजीला मी बायांना सांगितलं, जा. दुसरी टोळी आली. स्लॅब पडला. कुठे गळला नाही, कुठे तडा नाही. गेला असता तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्यांनी तो टाकला म्हणून आमचा हात अकुशल ठरत नाही. त्यांचाही नाही. त्यांनाही त्याच ओळीत बसवलंय.

गावात आमची जागा कोणी लिहून ठेवली नव्हती. सगळ्यांना पाठ होती. वस्ती कुठे, पाणी कुठून, पंगतीला कधी बसायचं. मला वाटलं होतं, नवं यंत्र आलं की हे जुनं पाठांतर मोडेल. या लोकांनी तेच लिहून काढलं आणि यंत्राला शिकवलं. गावातला म्हातारा कधीतरी विसरतो, मरतो. यंत्र विसरत नाही.

धुळ्याचं काम संपलं. आता त्याच कंपनीचं जळगावला काम निघालंय. तिकडे टोळ्या मिळेनात. साहेबाने बोलावलं. या वेळी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"बसा अक्का. भाव बोला."

मी बसले नाही. "भाव नंतर. आधी ती यादी उघडा. आम्हाला कुशलमध्ये घाला. अखाजी पूर्ण धरा."

"अहो, तो एक शब्द बदलला की त्यावरचे सगळे नियम बदलतात. सगळं वेळापत्रक नव्यानं काढावं लागेल. एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

"दुप्पट देतो."

आयुष्यभर एकेका रुपयासाठी घसा फोडला मी. त्या दिवशी आकड्यावर बोललेच नाही. बाहेर आले. फाटकापाशी बाया सामान आणि टेम्पो घेऊन वाट बघत होत्या. पोटाचा प्रश्न त्यांचाही होता.

"अक्का, आते काय करानं?"

मी सगळं सांगितलं, आकड्यासकट. मग एकीने घमेलं उचललं आणि टेम्पोत टाकलं. मागून दुसरीने.

शिरपूरला एका बंगल्याचं काम आहे. लहान आहे. तेच करू. जळगावच्या साइटवर माझी टोळी पाय ठेवणार नाही, आणि माझ्या तोंडून कामाचा एक नियमही त्यांना मिळणार नाही. तो शब्द बदलेल तेव्हाच येईन. आणि बदलताना मी मृणालच्या शेजारी असेन. खुर्चीवर बसून, पडद्याकडे बघत.