परत न आलेल्यांची यादी

धुळ्याहून मी नोकरीसाठी जळगावला आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी सहायक होतो. चपला बाहेर काढून मुलं आत येत, तास संपला की जात. बोलणं कामापुरतं. भाड्याच्या खोलीवर तेवढंही नव्हतं.

एका गुरुवारी प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन जवळच्या असोद्याच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स आल्या. पन्नाशीच्या, मी त्यांना अक्काच म्हणू लागलो. लशीचा पहिला डोस घेऊन दुसऱ्याला न फिरकलेल्या मुलांची यादी त्यांना हवी होती. प्रोग्राम मीच लिहून देतो म्हटलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही नसाल त्या दिवशी मी काय करू, भाऊ? मला दाखवा."

मी नमुना प्रोग्रामांचं पुस्तक उघडून ओळ न् ओळ समजावू लागलो. अर्ध्या तासात दोघंही थकलो. मग पेन्सिलीने प्रत्येक नमुन्याशेजारी, तो काय काम करतो, ते मराठीत लिहिलं आणि आपल्या कामासारखा नमुना कुठला ते शोधायला सांगितलं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी वाचनालयाच्या नमुन्यावर बोट ठेवलं. मुदत उलटूनही परत न आलेल्या पुस्तकांची यादी.

"पुस्तकाच्या जागी मूल धरलं तर?"

मी त्यातल्या दोनच ओळींभोवती चौकट काढली: तारीख तपासणारी आणि नाव छापणारी. बाकीच्या तशाच ठेवायच्या. एका बोटाने एकेक अक्षर दाबत त्यांनी त्या बदलल्या, रजिस्टरमधली मुलांची नावं-तारखा भरल्या. पहिल्या खेपेला दुसरा डोस घेतलेल्यांचीच नावं निघाली. तारीख तपासणाऱ्या ओळीतलं चिन्ह उलटं पडलं होतं. तेही त्यांनीच शोधलं.

खरं तर एवढ्याला पाच गुरुवार लागायला नको होते. मी मुद्दाम सावकाश सांगत होतो. अक्का डब्यात माझ्यासाठीही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणत.

मग महिन्यातून एकदाच त्या येऊ लागल्या. एकदा मी वर्गावर असताना येऊन, यादी छापून गेल्याही. यादीतली बरीच मुलं त्यांनी घरोघर जाऊन गाठल्याचं नंतर कळलं. मला आनंद झाला, आणि आता माझी गरज उरली नाही याचं वाईटही वाटलं.

वर्षभरात त्यांची शिरपूरला बदली झाली. मी स्टँडवर गेलो, ट्रंक गाडीत चढवून दिली. तिथे कोणी दाखवणारं असेल का, असं विचारलं.

"आता मी आहे की," त्या म्हणाल्या.

गाडी गेल्यावर मी बराच वेळ बाकावर बसून राहिलो. खोलीवर जायची घाई नव्हती.